भरवशाची गाडी

ती घटना आजही आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावाचं डोकं फोडून जेवायला बसलेला माणूस पाहिला. पण त्यातल्या कुणाचा इतका राग आला नाही. त्या लोकांनी निदान रखवालदाराचे कपडे घातले नव्हते.

मी तेव्हा घाटावरच्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. बोथ्याच्या जंगलातून खामगावकडे उतरणारा रस्ता माझ्या हद्दीत येई. कापसाचा हंगाम सुरू झाला की दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांचे खरेदीदार या किंवा चिखलीच्या रस्त्यानं खामगावला जात. गाठी बघायच्या, चिमटीत कापूस धरून धागा ओढून बघायचा, दलालाच्या घरी जेवायचं आणि परत जायचं. असा खरेदीदार आमच्या भागात एकटा कधीच नसतो. तो कुणाचा तरी पाहुणा असतो. 'अमक्या शेठजीचा पाहुणा' एवढं म्हटलं की जिनिंग कारखान्याच्या हमालापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला सांभाळून घेतात. त्याच्या केसाला धक्का लागला तर शेठजीला बाजारात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

अशाच एका गिरणीचे वयस्क खरेदीदार वर्षानुवर्षं यायचे. संभाजीनगरच्या विमानतळावरून त्यांना आणायचं काम देऊळघाटचा एक ड्रायव्हर करी. गाडी त्याची स्वतःची. हिंदू असो की मुसलमान, गावात सगळे त्याला चाचा म्हणत. बाळंतपणाला निघालेली लेक असो की परीक्षेला निघालेली पोरगी, घरातला पुरुष माणूस मोकळा नसला की चाचाला फोन जाई. 'चाचाची गाडी आहे ना? मग जाऊ दे एकटी,' असं लोक बिनघोर म्हणत.

मग त्या गिरणीच्या कंपनीनं महानगरातली एक सुरक्षा एजन्सी नेमली. धंद्यासाठी फिरणाऱ्या मोठ्या लोकांना धोक्याच्या शहरांत सांभाळून न्यायचं, हा तिचा व्यवसाय. या व्यवसायाला माझा विरोध नाही. धोका असतो तिथे संरक्षण लागतंच. आम्हीसुद्धा हंगामात व्यापाऱ्यांना बंदोबस्त देत असू. पण या एजन्सीनं कंपनीला एक नकाशा दिला आणि त्यात अख्खा बुलढाणा जिल्हा लाल रंगवला. ज्या जिल्ह्यात माझी हयात गेली, तो कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून लाल केला. नकाशा पुढे तपासात माझ्या हाती आला, तेव्हा मी तो टेबलावर आपटला होता. ठाण्यातले लोक दचकले.

एजन्सीचा प्रमुख माणूस स्वतःला कमांडर म्हणवून घेई. कुठल्या सैन्याचा, ते त्यालाच ठाऊक. आल्या आल्या त्यानं चाचाला काढून टाकलं आणि स्वतःची गाडी, स्वतःचा ड्रायव्हर, दोन बंदूकवाले आणले. चाचाला ते लागलं. खामगावच्या जिनिंगच्या आवारात, चार लोकांसमोर तो कमांडरला म्हणाला, "आमच्या पाव्हण्याले बंदूकवाले काऊन लागतेत हो? इतके वर्स कोनं खाल्लं काय त्याईले?" लोक हसले. कमांडर हसला नाही.

पुढच्या खेपेला हल्ला झाला.

दुपारी ठाण्यात फोन आला. बोथ्याच्या जंगलात व्यापाऱ्याच्या गाडीवर दगडफेक, व्यापारी जखमी. मी फौजदाराला आणि दोन शिपायांना घेऊन निघालो. रस्त्यावर काचांचा चुरा आणि दगड पडले होते. माणूस मात्र कुणी नव्हता. कमांडरनं गाडी तिथूनच वळवून पाहुण्यांना बुलढाण्याच्या एका हॉटेलात परत आणलं होतं. मी पंचनाम्यासाठी फौजदाराला तिथेच ठेवलं आणि हॉटेलात गेलो.

पाहुण्यांच्या कपाळावर पट्टी होती. रक्त शर्टाच्या कॉलरवर सुकलं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते थोडं जेवत होते. ताटात मऊ भात आणि बिनमिरचीचं पिवळं वरण. त्यांना पोटाचा विकार होता. मी जबाब घेतला. तोंड बांधलेले दोघे झाडीतून आले, दगड मारले आणि पळाले. ना काही मागितलं, ना काही नेलं.

"तुम्ही गोळी का झाडली नाही?" मी कमांडरला विचारलं.

"सर, आमचा प्रोटोकॉल आहे. आधी क्लायंटला बाहेर काढायचं."

"बरं. संशय कुणावर?"

त्याला विचारही करावा लागला नाही. त्यानं चाचाचं नाव घेतलं. धंदा गेल्याचा राग, चार लोकांसमोरचं भांडण. शिवाय चिखलीच्या रस्त्यानं न येता बोथ्यावरून येणार, हे एजन्सीनं फक्त पाहुण्यांच्या खामगावच्या यजमान शेठजीला कळवलं होतं आणि शेठजी चाचाशी बोलले होते. सगळं कसं हातात ताट आणून द्यावं तसं तयार. इतकी वर्षं नोकरी केल्यावर एक गोष्ट कळते: खरा फिर्यादी घाबरलेला असतो, त्याचं बोलणं मागेपुढे होतं. याचं बोलणं पाठ केल्यासारखं होतं. पण नुसत्या वासावर गुन्हा शाबीत होत नाही.

मी चाचाला नोटीस देऊन बोलावलं. तो आला, टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

"त्या दिवशी तू बोथ्याच्या रस्त्यावर होतास?"

"होतो, साहेब."

मी चमकलो. त्याच्या मोबाईलचं लोकेशन अजून यायचं होतं. नाही म्हणाला असता तर त्या घडीला मला काही करता आलं नसतं.

"कशाला गेला होतास?"

"सवारी होती. घाटाखाली सोडाले गेलतो."

"सवारी कोण?"

तो हातातल्या टोपीची घडी घालू लागला. मी पुन्हा विचारलं. फौजदारानं टेबलावर काठी वाजवली. चाचानं एकदा काठीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"ते नाही सांगत, साहेब. बाईमानूस होतं. लय मार खाऊन निंघालं होतं घरातून. मायबापाच्या घरी पोचवून देल्लं. कोठं सोडलं ते कोनाले सांगनार नाही, अशी जबान देल्ली मी तिले."

"अरे, तुझ्यावर हल्ल्याचा गुन्हा लागतोय. ती बाई एक जबाब देईल आणि तू सुटशील."

"हाव साहेब, मी सुटन. मंग तिचा नवरा थ्या पत्त्यावर जाईन. तुमच्या कागदातलं कोनाले कयत नाही, असं हाय काय?"

ठाण्यातल्या बातम्या बाहेर कशा जातात, हे ठाणेदाराला शिकवावं लागत नाही.

इकडे वरून दबाव सुरू झाला. बाहेरच्या व्यापाऱ्यावर हल्ला झाला, गुंतवणूक पळून जाईल, असे फोन येऊ लागले. एका चॅनेलवाल्यानं बोथ्याच्या जंगलात उभं राहून 'दहशतीचा रस्ता' असं काहीबाही सांगितलं. त्याच्या मागून एक म्हातारी शेळ्या घेऊन शांतपणे चालली होती. चाचाच्या मोबाईलचं लोकेशन आलं आणि वरिष्ठ म्हणाले, "आता कशाची वाट बघताय? उद्यापर्यंत अटक दाखवा." मी काहीतरी सांगून एकेक दिवस पुढे ढकलत राहिलो. चाचाची गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभी होती. तिच्यावर कावळ्यांची घाण पडू लागली होती. चाचा रोज हजेरीला पायी येई, आधी त्या गाडीपाशी जाई आणि खांद्यावरच्या रुमालानं काच पुसे.

गावानं काय केलं? तेच, जे गावं करतात. ठाण्यात बोलावलेला माणूस लोकांना गुन्हेगारच वाटतो. त्यात सवारी बाई होती आणि चाचा तिचं नाव सांगत नाही, हे कुठून तरी फुटलंच. मग तर लोकांच्या जिभेला हाडच राहिलं नाही. ज्या घरांनी आपल्या लेकी त्याच्या भरवशावर पाठवल्या होत्या, तीच घरं म्हणू लागली, 'आमाले तवाच शंका होती.' तवाच म्हणजे कधी, हे कुणी सांगेना.

मी खामगावला शेठजींचा जबाब घ्यायला गेलो. माणूस हबकला होता. आपला पाहुणा आपल्या भागात जखमी झाला, हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बोलता बोलता म्हणाले, "साहेब, त्या दिवशी आमच्या घरी त्याईच्यासाठी येगळं जेवन केलं होतं. बिना तिखटाचं. बाईनं ताट मांडून ठेवलं. दोन वाजले, तीन वाजले, पाव्हनेच नाही आले. शेवटी गाईले घातलं."

मी ते लिहून घेतलं आणि निघालो. घाट चढताना गाडीत माझ्या डोक्यात एकच ताट घोळत होतं. खामगावचं नव्हे, बुलढाण्याच्या हॉटेलातलं. आमच्या भागातल्या हॉटेलात बिनमिरचीचं वरण मिळतं? मला तरी नोकरीत कधी मिळालं नव्हतं. तिथे सकाळीच सगळ्या डाळीला तिखट फोडणी पडते. नको म्हटलं तर 'तिखट कमी टाकलं साहेब' म्हणून घाम फोडणारा रस्सा आणून ठेवतात.

मी थेट हॉटेलात गेलो, चहा मागवला आणि मालकाला समोर बसवलं.

"त्या दिवशी जखमी पाहुणे आले, त्यांना साधं वरण इतक्या लवकर कसं मिळालं हो?"

"लवकर कसं? सकायीच फोन आलता ना साहेब, थ्या बंदूकवाल्या मोठ्या साहेबाचा. म्हने, दुपारी आमचे पाव्हने येतीन, मऊ भात अन् बिनातिखटाचं वरण करून ठेवा, खोली साफ ठेवा."

"सकाळी? नक्की?"

"आता काय सांगू! येगळा कुकर लावा लागला. आमचा आचारी चिडला होता."

सकाळी गाडी संभाजीनगरहून निघाली होती. पाहुणे दुपारी जेवणार होते खामगावला, शेठजींच्या घरी. हल्ला व्हायचा होता. आणि कमांडरला सकाळीच ठाऊक होतं की पाहुणे खामगावला पोचणार नाहीत, बुलढाण्यात परत येणार आहेत आणि त्यांना भूक लागणार आहे. माणूस आपल्या धंद्याच्या सवयीनं मेला. पुढे फोन करून क्लायंटची सगळी सोय लावून ठेवायची, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की ज्याचं डोकं फोडायचं, त्याच्या पथ्याचीही सोय त्यानं करून ठेवली. मी तिथे एकटाच हसलो, आणि पुढच्याच क्षणी असा संताप आला की चहा तसाच सोडून उठलो.

संशयिताला मुख्य प्रश्न आधी विचारू नये, हा माझा नेहमीचा रिवाज. ज्याचा त्याला गर्व आहे, ते आधी बोलू द्यावं. मी कमांडरला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. हॉटेलमालकाचा जबाब आणि फोनचा तपशील टेबलाच्या खणात ठेवला.

"तुमची सेवा फार पद्धतशीर दिसते," मी म्हणालो. "पाहुण्यांच्या पथ्यापाण्याचंही बघता?"

तो फुलला. "ऑफ कोर्स सर. आमचा माणूस कधी उपाशी राहत नाही. जिथे थांबा, तिथे ॲडव्हान्समध्ये फोन जातो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. मी स्वतः करतो."

"त्या दिवशीच्या जेवणाचा फोन कुठे केला होता?"

त्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. खामगाव म्हणावं तर शेठजी नाही म्हणणार. हॉटेल म्हणावं तर... त्यानं पाणी मागितलं.

त्यानं तोंडानं कबुली दिली नाही. असले लोक वकिलाशिवाय शिंकतही नाहीत. पण दोन बंदूकवाल्यांपैकी एक संग्रामपूरकडचा होता. वयानं माझ्याएवढा, दोन एकरांवर भागेना म्हणून या नोकरीत शिरलेला. त्याला दुसऱ्या खोलीत बसवून मी एवढंच म्हणालो, "दादा, जेवण सकाळीच सांगितलं होतं, हे आम्हाला कळलंय." तो ढसाढसा रडायला लागला.

"साहेब, आमाले म्हने हे नाटक हाय. टरेनिंग हाय. दगड काचेले लागन, पाव्हने भेतीन, बस. काच फुटून त्याईच्या कपायात घुसली, रगत पाह्यलं तवा मले कयलं. मी म्हटलं, दवाखान्यात चाला. थे म्हने, पह्यले हॉटेलात."

दगड मारणारे दोघे एजन्सीचेच, दुसऱ्या शहरातल्या कामावरचे नोकर निघाले. कारण विचाराल तर अगदी फालतू. कधी काहीच घडत नाही, मग यांची गरज काय, असं गिरणीच्या कंपनीला वाटू लागलं होतं. तेव्हा काहीतरी घडायला हवं होतं. आणि घडलेलं कुणाच्या तरी माथी मारायला हवं होतं. ज्याच्या मागे वकील नाही, पुढारी नाही, ज्याचं नुसतं नाव ऐकूनच टीव्हीवाले मान डोलवतील, असा माणूस त्यांनी शोधला. एका म्हाताऱ्याचं रक्त सांडलं, एका माणसाची आयुष्यभराची पत मातीत घातली, जिल्ह्याला काळं फासलं. आणि हे सगळं 'सुरक्षा' असं लिहिलेला गणवेश घालून.

पाहुण्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "चाचा के गाड़ी में मैं सो जाता था, साब. इन के गाड़ी में नींद नहीं आया कभी."

कट रचणं, दुखापत, खोटी फिर्याद अशी कलमं लावून आम्ही दोषारोपपत्र दाखल केलं. कमांडर जामिनावर सुटला. खटला तारखांवर चालला. आणि पुढच्याच हंगामात दुसऱ्या एका एजन्सीचा माणूस माझ्याकडे भेटायला आला, तेव्हा त्याच्या बॅगेतही नकाशा होता. त्यावर आमचा जिल्हा अजून लालच होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पूर्वी हल्ला झालेला आहे.' मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. त्यापेक्षा जास्त काही करणं कायद्यात बसत नव्हतं, नाहीतर केलं असतं.

चाचाची गाडी सुपूर्तनाम्यावर परत दिली, तेव्हा त्यानं सही केली आणि तसाच उभा राहिला.

"अजून काय, चाचा?"

"साहेब, एक कागद भेटन काय? 'ह्या मानसानं काही केलं नाही' असा. गावात दाखवतो. कोनी बसतच नाही आता गाडीत."

संशयित म्हणून बोलावण्याच्या नोटिशीचे छापील गठ्ठे आमच्या कपाटात असतात. अटकेचा नमुना आहे, जप्तीचा आहे, हजेरीचा आहे. हा माणूस स्वच्छ आहे, असं सांगणारा नमुना आमच्या खात्यात नाही. बदनामी सरकारी शिक्क्यानं होते. पत ज्याची त्यानं परत मिळवायची. इतकी वर्षं ज्या खात्याचं मीठ खाल्लं, त्या खात्याची त्या दिवशी मला लाज वाटली. या प्रकरणानं काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो. भीती विकणाऱ्यांचा माल संपत नसतो; संपला तर ते नवा तयार करतात. आणि भरवसा मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो एका माणसानं दुसऱ्याला उघडपणे द्यावा लागतो, सगळ्यांच्या देखत.

माझी मुलगी तेव्हा संभाजीनगरला नोकरी करत होती. सुटीला आली होती, परत जायचं होतं. मी चाचाला फोन केला.

बायको म्हणाली, "लोकांना दाखवायला पोरीला एकटी पाठवताय?"

"दाखवायला तर आहेच," मी म्हणालो. "पण या जिल्ह्यात त्याच्याहून भरवशाचा ड्रायव्हर तुला माहीत असेल तर सांग, त्याला बोलावतो."

तिनं जाऊन चाचासाठीही डबा भरला.

ती बाई कोण होती, कुठे पोचली, हे मी चाचाला पुन्हा कधीच विचारलं नाही. आजही मला ठाऊक नाही.

संध्याकाळी मुलीचा पोचल्याचा फोन आला. तिनं सांगितलं ते असं. वाटेत चाचाच्याच गावी, देऊळघाटला, बाजार भरला होता. चाचा गाडी बाजाराबाहेरून काढायला लागला. मुलगी म्हणाली, "मधूनच घ्या, मला पेरू घ्यायचेत."

"तुमी बसा बाई, मी आनतो."

"नको, मीच उतरते. बघू दे लोकांना, ठाणेदाराची पोरगी कुणाच्या गाडीतून आली ते."

ती उतरली, सावकाश पेरू निवडले, आणि भर बाजारात पुन्हा गाडीत बसली. लोक बघत होते. चाचानं गाडी सुरू केली, तेवढ्यात भाजीवाल्यांच्या रांगेतून एक म्हातारी उठली, काचेपाशी आली आणि वाकून म्हणाली, "काऊन रे चाचा, उद्या सकायी मोकया हायेस काय? सुनेले दवाखान्यात न्या लागते. घरी मानूस नाही कोनी."

चाचा "हाव" म्हणाला. मग त्यानं सुरू केलेली गाडी बंद केली, आणि बराच वेळ ती पुन्हा सुरू केलीच नाही.